खळ, रद्दी आणि जुनी जर

व्हेनिसच्या कार्निव्हलचे मुखवटे बघून दबकू नका. त्यातले बरेचसे कागद आणि खळीचेच असतात. मी अर्धा मुखवटा करते, नाकपुड्या मोकळ्या राहतात. स्वयंपाकघरातली फॉइल चौपदरी करायची, डोळे मिटून चेहऱ्यावर हलकेच दाबायची. ठशाखाली चुरगळलेला कागद कोंबा, नाहीतर तो बसतो. वर मैद्याच्या खळीत भिजवलेल्या रद्दीच्या पट्ट्या, तीन थर. प्रत्येक थर कडकडीत वाळवा, नाहीतर आत बुरशी येते. आणि हो, बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, तसं इथे मुळीच नको! ते विष आहे आणि हे तोंडावर बसणार आहे. डोळ्यांची भोकं मोठी कापा. नाचणाऱ्या पोराला पायरी दिसायला हवी. चमकी डोळ्यांत जाते. त्यापेक्षा कडेला आजीच्या साडीची जर चिकटवा.