नव्या गावी जाताना बँक कशी निवडाल?
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात चौदा तालुके आहेत आणि पाण्याच्या दृष्टीने प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे. पारनेर, पाथर्डी, जामखेडकडील एखादे कुटुंब तेथील जमीन विकून मुळा किंवा भंडारदऱ्याच्या कालव्याखाली चार एकर घेते आणि वस्तीला जाते. जाताना विहीर, मातीचा पोत, रस्ता, शेजार सारे पाहिले जाते. बँक मात्र "जवळ जी असेल ती" अशी ठरते. मी पीकशास्त्राचा प्राध्यापक असूनही आज या विषयावर बोलणार आहे. कारण आडसाली उसाची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात व्हावी अशी शिफारस आम्ही करतो, आणि बेणे व खतासाठी पैसा सप्टेंबरात हाती आला तर ती शिफारस कागदावरच राहते.

जुन्या गावची बेबाकी

नवी बँक पाहण्यापूर्वी जुना व्यवहार पूर्ण करावा. सेवा सोसायटीचे व बँकेचे कर्ज फेडून बेबाकीचा दाखला घ्यावा. कर्जापोटी जमिनीवर चढविलेला बोजा सातबाराच्या 'इतर हक्क' सदरातून कमी झाला की नाही, हे नवा उतारा काढून स्वतः पाहावे. कर्ज फिटले तरी बोजा आपोआप जात नाही. पत्र तलाठ्याकडे पोहोचून फेरफार व्हावा लागतो. सोसायटीतील शेअर्सची रक्कम परत मागण्याचा अर्जही त्याच वेळी द्यावा.

कर्जासाठी कोठे जावे?

पीककर्जाचे दोन मार्ग आहेत. पहिला, गावची विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था. तिला पैसा जिल्हा सहकारी बँकेकडून येतो. दुसरा, राष्ट्रीयीकृत किंवा अन्य व्यापारी बँकेचे किसान क्रेडिट कार्ड. कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज हे प्रमाण जिल्हास्तरावरील तांत्रिक समिती ठरवते, त्यामुळे त्यात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो वेळेत आणि वागणुकीत.

सेवा संस्थेचे सभासद होण्यासाठी संस्थेच्या कार्यक्षेत्रात जमीन आपल्या नावे लागलेली असावी. म्हणून खरेदीखत होताच फेरफाराच्या मागे लागावे. नवख्या माणसाला काही ठिकाणी "पुढच्या मीटिंगला बघू" असे उत्तर मिळते. अशा वेळी तोंडी बोलू नये. लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २२ प्रमाणे अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळविला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. खरिपाचे कर्ज हवे असेल, तर अर्ज जानेवारीतच द्यावा.

व्यापारी बँकेत जाण्यापूर्वी आपले गाव कोणत्या शाखेकडे आहे याची चौकशी करावी. पुष्कळ शाखा अजूनही ठरलेल्या गावांनाच पीककर्ज देतात.

ठेवीसाठी कोठे जावे?

कर्ज घेतो तेथे आपण बँकेचे देणे लागतो. ठेव ठेवतो तेथे बँक आपले देणे लागते. म्हणून ठेवीची पारख अधिक कडक हवी. जमीन विकून आलेली रक्कम ही दोन-तीन पिढ्यांची कमाई असते.

बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. १९९३ पासून ते १ लाख रुपये होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाले. ही मर्यादा एका ठेवीदारास एका बँकेत, सर्व शाखा मिळून आणि व्याज धरून आहे. समजा, ४ लाख ८० हजारांची पावती केली आणि व्याजासह ती ५ लाख १० हजार झाली, तर वरचे १० हजार विम्याबाहेर राहतात. बारा लाख असतील तर ते एका ठिकाणी न ठेवता तीन बँकांत ठेवावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पतसंस्था ही बँक नव्हे. पतसंस्था, मल्टिस्टेट पतसंस्था किंवा सेवा सोसायटी यांतील ठेवीला हा विमा लागू नाही. टक्का-दीड टक्का जादा व्याज दिसते, ते या जोखमीपोटी असते. चांगल्या पतसंस्था आपल्या जिल्ह्यात आहेत. परंतु तेथे गरजेपुरताच पैसा ठेवावा.

जुने नाव म्हणजे सुरक्षितता, असेही नाही. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेवर डिसेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खात्यातून १० हजारांपर्यंतच रक्कम काढता येऊ लागली. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी तिचा परवाना रद्द झाला. ज्यांची ठेव मर्यादेत होती त्यांना विम्याचा आधार होता. वरच्या रकमेसाठी वसुलीकडे डोळे लावून बसावे लागते.

अहवाल वाचा

सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल तर वार्षिक अहवाल मागून घ्यावा व तीन गोष्टी पाहाव्यात. (१) लेखापरीक्षणाचा वर्ग: अ की ब, आणि मागील तीन वर्षांत तो घसरला आहे काय? (२) निव्वळ अनुत्पादित कर्ज: हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत असावे. (३) मोठी कर्जे मोजक्याच मंडळींना दिली आहेत काय? अहवाल द्यायला कां-कूं करणाऱ्या संस्थेत पैसे ठेवू नयेत.

अनुदानाचे खाते

पीएम किसान, नमो शेतकरी यांसारखे अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात येते. नव्या बँकेत आधार जोडले की पैसा त्या खात्याकडे वळतो. पुष्कळदा शेतकरी जुन्या खात्यावर हप्ता शोधत राहतात. आपले आधार कोणत्या खात्याला जोडले आहे हे बँकेत विचारून घ्यावे आणि नव्या खात्यात पहिला हप्ता पडेपर्यंत जुने खाते बंद करू नये. कारखान्याला व दूध केंद्रालाही नवा खाते क्रमांक लेखी कळवावा. प्रत्येक खात्याला वारस नोंदवावा; घरधनी अचानक गेल्यास पावती असूनही बायकामुलांना हेलपाटे पडतात.

थोडक्यात, कर्ज वेळेवर मिळेल तेथे घ्यावे आणि ठेव परत मिळेल तेथे ठेवावी. ही दोन ठिकाणे एकच असली पाहिजेत असे नाही. नव्या शेतात विहिरीचे पाणी जसे आपण तपासून घेतो, तशीच नवी बँकही तपासून घ्यावी, एवढीच विनंती.