छायालेखकाची मुलाखत

कणकवलीतून छायालेखक म्हणून मुलाखतीला निघालात, तर आपल्या कामाची चित्रफीत, म्हणजे शोरील, दोन-तीन मिनिटांचीच न्या. सगळ्यात भक्कम दृश्य अगदी सुरुवातीला ठेवा. लग्नाचं शूटिंग केलं असेल तर लपवू नका. तिथे रीटेक नसतो, हात तयार होतो.

खरी कसोटी लागते ती ‘हे असंच का टिपलंत?’ या प्रश्नाला. समजा, जत्रेतलं दशावतारी नाटक चित्रित केलंय. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर सेकंदाच्या 50व्या भागावर ठेवलं की चित्रात सहसा पट्टे येत नाहीत. राजाच्या मुकुटाची चमक जळू नये म्हणून एक्सपोजर जरा उतरवलं असेल, तर तेही सांगा.

जाण्याआधी ‘किल्ला’ जरूर पाहा. कोकणात घडणाऱ्या या चित्रपटाचं दिग्दर्शन आणि छायालेखन, दोन्ही अविनाश अरुण यांचं. 2014 मध्ये बर्लिन महोत्सवात त्याला क्रिस्टल बेअर पुरस्कार मिळाला. त्यातल्या पावसाळी उजेडाबद्दल एखादं दृश्य धरून बोलता यायला हवं. आणि मुलाखत घेणाऱ्यांचं काम? ते तर आधी पाहायलाच हवं.