किमान देय रक्कम : एक हिशेब



उधारी आपल्या पेढ्यांना नवी नाही. परंतु ती खतावणीत रोज डोळ्यांसमोर असे. क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते आणि उच्चशिक्षित तरुणही तेवढीच भरून निश्चिंत होतात.

समजा, बिल ५०,००० रुपयांचे आहे. पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये भरले. दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. मुद्दल फिटले अवघे ४३५ रुपये! शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. (सावकाराला आपण उगाच नावे ठेवीत आलो.) राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली वार्षिक ३० टक्के व्याजाची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली आहे.

परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा श्रावक स्वतः ठरवितो. कार्डाची मर्यादा बँक ठरविते आणि ती वाढली की घरात त्याचे कौतुक होते!

पाठशाळेतील मोठ्या मुलांना असे एक बिल फळ्यावर सोडवून दाखवावे, अशी विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. खडू मी घेऊन येईन.