आठवण आणि तिचा डंख



मनाला बसलेल्या घावावर आपल्याकडे एकच औषध सांगण्याची वहिवाट आहे : ‘झाले गेले विसरून जा.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु ऐकणाऱ्याला तसे विसरता आले असते तर त्याला उपदेशाची गरजच पडली नसती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात घरे कोसळली. अशा पहाटेतून वाचलेल्या एखाद्या माणसाला पुढे कित्येक वर्षे दाराची कडी वाजली तरी घाम फुटला, तर त्यात नवल नाही. घटना संपलेली असते; तिची आठवण मात्र संपत नाही. या व्याधीला अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९८० साली स्वतंत्र स्थान मिळाले. आघातोत्तर तणावाचा विकार असे तिला आपण म्हणू. अशा आठवणीत पालट घडवून माणसाला बरे करता येईल काय, हा आजचा आमचा विषय आहे.

आठवण म्हणजे ताम्रपट, अशी आपली समजूत असते. म्यूलर आणि पिल्त्सेकर या जर्मन संशोधकांनी १९०० साली असे प्रतिपादन केले की नवी आठवण काही काळ कच्ची असते आणि मग पक्की होते. एकदा पक्की झाली की ती कायमची, असे पुढे शास्त्रज्ञही धरून चालले. केंब्रिजच्या बार्टलेट यांनी १९३२ साली या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचावयास दिली आणि पुढे पुन्हा पुन्हा सांगावयास लावली. प्रत्येक वेळी कथा बदलली; अनोळखी गोष्टी गळाल्या, ओळखीच्या गोष्टी आत शिरल्या. म्हणजे आठवण ही ताम्रपटापेक्षा बखरीला अधिक जवळची. बखरीची नक्कल करताना लेखकाचा हात तिच्यावरून फिरतोच.

हा हात मेंदूत कोठे फिरतो, हे २००० साली न्यूयॉर्कच्या करीम नादेर, शेफ आणि लडू यांच्या प्रयोगाने दिसून आले. उंदरांना एक स्वर ऐकवून त्याबरोबर विजेचा झटका दिला. पुढे नुसत्या स्वरानेच ते भीतीने थिजू लागले. ही आठवण पक्की झाल्यावर स्वर पुन्हा ऐकवला आणि लगेच मेंदूतील बदामाच्या आकाराच्या भागात, जो भीतीचे केंद्र मानला जातो, प्रथिने तयार होण्याची क्रिया थांबविणारे औषध सोडले. पुढे तोच स्वर ऐकवला तेव्हा भीती बरीच ओसरलेली होती. परंतु स्वर न ऐकवता औषध दिले, तर परिणाम नाही. सहा तासांनी दिले, तरी परिणाम नाही. याचा अर्थ असा की जागी झालेली आठवण काही तास पुन्हा मऊ होते आणि परत साठविली जाताना तिला नव्याने पक्के व्हावे लागते. १९६८ साली मिसॅनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच काही दाखविले होते. पण तेव्हा त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

उंदराचे औषध माणसाला चालणार नव्हते. म्हणून दृष्टी वळली ती प्रोप्रॅनोलॉलकडे. जेम्स ब्लॅक यांनी हृदयविकारासाठी शोधलेले हे औषध १९६० नंतरच्या दशकापासून वापरात आहे. ॲम्स्टरडॅमच्या मेरेल किंट यांनी २००९ साली ते आठवणीच्या प्रयोगात वापरले. दुसऱ्या दिवशी लोकांना चित्र पाहून झटका बसतो हे पुरते ठाऊक होते. दचकणे तेवढे गेले होते. आमच्या मते या सगळ्या संशोधनाचे मर्म येथे आहे. हकीकत जागेवर राहिली, डंख तेवढा निघाला.

२०१५ साली कोळ्याला भिणाऱ्या ४५ लोकांवर प्रयोग झाला. दोन मिनिटे मोठ्या कोळ्यासमोर उभे करून लगेच ज्यांना हे औषध दिले, ते पुढे त्याला हात लावू लागले, आणि हा पालट वर्षभर टिकला. २०१८ साली मॉन्ट्रियलच्या ब्रुने यांनी जुन्या आघाताच्या ६० रुग्णांवर प्रयोग केला. औषध घेऊन दीड तासाने रुग्णाने आपल्या आघाताची हकीकत समोर आणावयाची, अशा सहा बैठका दर आठवड्यास एक याप्रमाणे झाल्या. ज्यांना खरे औषध मिळाले त्यांची लक्षणे नुसती खोटी गोळी मिळालेल्यांपेक्षा अधिक उतरली.

येथे सावधपणे बोलले पाहिजे. असे सगळेच प्रयोग यशस्वी झालेले नाहीत. काहींना तोच परिणाम पुन्हा मिळाला नाही. आठवण नुसती काढली म्हणजे ती मऊ होतेच असे नाही. तिच्यात काही अनपेक्षित घडावे लागते, असे अनेक संशोधकांचे मत आहे. उलट, एकट्याने तेच तेच उगाळीत बसण्याने घाव खोल होण्याचाच संभव अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली शिफारस केली ती तज्ज्ञासमोर आघाताची हकीकत धीराने हाताळण्याच्या मानसोपचारांची. आणि ही गोळी घरच्या घरी घ्यावयाची नव्हे. दम्याच्या रोग्याला ती जिवावर बेतू शकते.

काहीजण विचारतील, दुःख काढून घेणे म्हणजे माणसाचा भूतकाळ लुटणेच नव्हे काय? जिच्यावर अत्याचार झाला तिच्या मनातील आग विझली, तर अपराध्याला कोण जाब विचारील? हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाही. परंतु रात्री झोप नसलेली, न्यायालयाच्या पायरीवर पाय लटपटणारी स्त्री चांगली साक्षीदार असते काय? डंख निघाला म्हणजे साक्ष पुसली जात नाही. उलट ती सांगण्याचे बळ येते.

आमची खरी भीती निराळी आहे. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या टकरीचे चित्रण दाखविले. प्रश्न विचारताना मोटारी ‘आदळल्या’ऐवजी ‘चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचा शब्द घातला, तर आठवड्याने अधिक लोकांना फुटलेल्या काचा आठवल्या. चित्रणात काचा नव्हत्याच! ज्या मऊपणामुळे डंख काढता येतो, त्याच मऊपणातून खोटेही आत शिरू शकते. म्हणून चिकित्सकाने रुग्णाच्या भयाला हात घालावा, त्याच्या हकीकतीला नव्हे. काय घडले हे सुचवू नये. आणि रुग्णाच्या पुऱ्या संमतीवाचून यातले काहीही करू नये.

तेव्हा आपल्या घरातील दुखावलेल्या माणसाला ‘विसरून जा’ म्हणण्याचे आता आपण सोडून द्यावे. त्याला एवढेच सांगावे : तुझी आठवण तुझीच राहील, तिची दहशत मात्र उतरू शकते, आणि त्या कामी मदत मागण्यात कमीपणा नाही.