अरण्याचे मूळ धनी
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं आपल्याच मंडळीचें कौतुक करावें अशी रीत आहे, आणि तें काम आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें पार पाडलें आहे. आम्हांस मात्र ‘ज्युबिली’ या शब्दाच्या मूळ अर्थानें थोडें अस्वस्थ केलें. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासावें वर्ष पवित्र मानावयास सांगितलें आहे, तें मेजवानीसाठीं नव्हे. त्या वर्षीं शिंग फुंकावें, आणि ज्याची जमीन हातची गेली असेल त्यास ती परत मिळावी, असा तो नियम आहे. तेव्हां चांदा व गडचिरोली या अरण्यप्रदेशांत ज्युबिली साजरी करणारांस, येथील जमीन मूळची कोणाची, हा प्रश्न टाळूं म्हटलें तरी टाळतां येत नाहीं.

उत्तर शोधावयास दूर जावें लागत नाहीं. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांचा आहे. राणी हिराईनें आपला पति बीरशहा याची बांधलेली समाधि आजहि उभी आहे. १७५१ सालीं नागपूरच्या भोसल्यांनीं हें राज्य संपविलें, आणि १८५४ सालीं भोसल्यांचें राज्यहि इंग्रजांनीं खालसा केलें. परंतु अहेरी, एटापल्ली, भामरागड या बाजूस राहणाऱ्या माडिया लोकांस नागपुरास कोण बसला आहे याचें फारसें सोयरसुतक नव्हतें. गादीवरचा राजा बदलला तरी डोंगरावरचा पेंडा त्यांचाच राहत असे.

१८५८ च्या मार्च महिन्यांत मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यानें राजगड परगण्यावर ताबा मिळविला, आणि अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्यास येऊन मिळाला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन यास हें बंड मोडावयास कांहीं महिने लागले. अखेर अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्या साहाय्यानें बाबूराव पकडला गेला, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्यास चांद्यास फांशी दिलें. आमच्या शाळांतील मुलांस त्या बंडांतील दिल्ली, कानपूर, झांशी तोंडपाठ असतात. स्वतःच्या जिल्ह्यांतील हें नांव पुष्कळांस ठाऊक नसतें. हा दोष मुलांचा नव्हे.

तथापि त्या फांशीहून खोल घाव कागदावरच्या कायद्यानें घातला. १८६५ सालीं पहिला जंगल कायदा झाला, आणि १८७८ च्या कायद्यानें सरकारास पाहिजे तें अरण्य ‘राखीव’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. आगगाडीच्या रुळांखालीं घालावयास व इमारतींस लांकूड हवें होतें, आणि आलापल्लीच्या बाजूचा साग तर उत्कृष्ट. पेंडा म्हणजे काय, हें शहरांत वाढलेल्यांसाठीं सांगतों. डोंगरउतारावरील झाडी तोडून वाळवावयाची, पावसाच्या आधीं ती पेटवावयाची, राखेंत कोसरीसारखें धान्य पेरावयाचें, आणि दोन-तीन वर्षांनीं ती जागा पुन्हा अरण्यास सोडून द्यावयाची. जंगलखात्यास यांत केवळ नासधूस दिसली. पेटविणारा गुन्हेगार ठरला. घराच्या वांसा-बल्ल्यांसाठीं परवाना, गुरें चारावयास शुल्क, आणि मोहाच्या फुलांची दारू घरीं गाळली तर आबकारीचा खटला! ज्या माणसाच्या आजानें त्या वाटा पाडल्या, तोच त्या वाटेवर नाकेदाराच्या मर्जीनें चालूं लागला. कोणी तलवार उपसली नाहीं. फक्त हद्दीचे दगड रोविले गेले.

येथपर्यंत ऐकून आपणांस वाटेल, हें इंग्रज सरकारचें पाप, यांत ख्रिस्तसभेचा काय संबंध? येथें नसेल, म्हणूनच आम्ही आपणांस क्षणभर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेतों. आज जेथें सान फ्रान्सिस्को शहर आहे, त्या प्रदेशांत ओलोनी लोक राहत असत. ओकच्या फळांचें पीठ हें त्यांचें अन्न, आणि गवताळ रानांस वेळोवेळीं आग लावून बीं-बियाणें वाढविणें ही त्यांची शेती. माडिया मनुष्य तेथें गेला असता तर त्यास ही विद्या समजावून सांगावी लागली नसती. स्पेनच्या राजाचे शिपाई व फादर हुनिपेरो सेरा यांचे फ्रान्सिस्कन धर्मबंधु १७६९ सालीं कॅलिफोर्नियांत आले. १७७६ सालीं सान फ्रान्सिस्कोचें मिशन स्थापन झालें. रानास आग लावण्यास स्पॅनिश गव्हर्नरानें १७९३ सालीं बंदी केली. अग्नि हातांतून गेला, पाठोपाठ मिशनांच्या गुरांनीं रानें चरून टाकलीं, आणि उपाशी माणसें मिशनाच्या दारीं आलीं.

यापुढचें सांगतांना आमची जीभ अडखळते. बाप्तिस्मा घेतलेल्या ओलोनीस परवानगीवांचून मिशन सोडतां येत नसे. पळून गेलेल्यांस शिपाई धरून आणीत आणि फटके मारले जात. १८०६ च्या गोवरानें शेंकडों माणसें नेलीं. एकट्या सान फ्रान्सिस्को मिशनाच्या दफनभूमींत पांच हजारांहून अधिक मूळ रहिवासी पुरले गेले, आणि हें आपल्याच धर्मगुरूंनीं लिहिलेल्या दफनवह्यांवरून जगास कळलें. ते सर्वच धर्मगुरु दुष्ट होते असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येकांनीं रोग्यांची सेवा करतां करतां देह ठेविला असेल. पण चांगल्या हेतूनें बंद केलेलें दारहि बंदच असतें. १८३४ पासून मिशनें मोडलीं, तेव्हां जमिनी बव्हंशीं बड्या गुरेंवाल्यांच्या घशांत गेल्या. १९२५ सालीं क्रोबर नांवाच्या विद्वानानें तर ही जमात जवळजवळ नामशेष झाली असें लिहून टाकलें. तिचे वंशज आजहि तेथें आहेत आणि आपली ओळख मागत आहेत.

२०१५ च्या जुलैंत पोप फ्रान्सिस यांनीं बोलिव्हियांत, अमेरिकेच्या मूळ लोकांविरुद्ध झालेल्या अपराधांबद्दल उघड क्षमा मागितली. आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत फादर सेरा यांस संतपद दिलें. त्यावर ओलोनींपैकीं पुष्कळांस दुःख झालें. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा, हें आम्हांस अजून नीट उमगलेलें नाहीं, आणि उमगलें आहे असा आव आणणें बरें नव्हे.

आपली चांद्याची धर्मसत्ता १९६२ सालची, म्हणजे राज्यकर्त्याच्या तलवारीमागून आलेली नव्हे. ही देवाची कृपा समजूं. पण माडिया मूल शाळेंत येतें तेव्हां त्याची घरची भाषा दाराबाहेर राहते, मग शाळा सरकारी असो कीं आपली. सुटींत तें घरीं जातें आणि गोटुलांत गप्प बसतें. त्याच्या भाषेंत त्यास दोन शब्द बोलूं शकेल असा शिक्षक आपल्या किती वर्गांत आहे, हें मोजावयास फार वेळ लागणार नाहीं. तिकडे सुरजागडच्या पहाडावर, ठाकुरदेवाच्या ठाण्याच्या परिसरांत, लोखंडाची खाण चालू आहे. तेथील लोकांचें म्हणणें आपण त्यांच्याच तोंडून किती वेळां ऐकलें?

परतीची वाट अगदींच दिसत नाहीं असें नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेंत, या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हें सरकारनेंच लिहून दिलें. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गोंड गांवास २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर अरण्यावर सामूहिक हक्क मिळाला. तरीहि स्वतःचा बांबू विकावयास वाहतुकीचा पास जंगलखात्याच्याच हातीं! अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं गांवीं येऊन पासाचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केलें. १८७८ पासून मोजलें तर एकशें तेहेतीस वर्षें झालीं. लेवीय पुस्तकाच्या हिशेबानें दोन ज्युबिल्या चुकल्या.

पावसाळा संपल्यावर आपल्यांतील कांहीं मंडळी मेंढ्यास जाऊन तेथील वडीलधाऱ्यांचें ऐकून येणार आहेत. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं सभेनंतर आम्हांकडे नांवें द्यावींत. शिदोरी आपापली बरोबर घ्यावी.