कोंडाणे लेण्यांची वाट: नदीकाठाने चालताना वर बघा

पावसाळा सुरू झाला की मला एक मेसेज हमखास येतो. "मुंबईजवळ, एका दिवसात होईल, जंगल पाहिजे, नदी पाहिजे, आणि फार चढ नको. सांग ना काहीतरी." तर आजचा भाग त्यावरच. वाट आहे कर्जतजवळच्या कोंडिवडे गावापासून कोंडाणे लेण्यांपर्यंत, उल्हास नदीच्या खोऱ्यातून.

जायचं कसं? कर्जत लोकल पकडा आणि स्टेशनबाहेरून कोंडिवड्यासाठी रिक्षा करा. आमच्या मोहोपाड्याकडून बाइकने येणार असाल तर दांड फाट्याला जुन्या हायवेला लागायचं आणि चौकला कर्जतकडे वळायचं. गाव सोडलं की जंगल सुरू होतं. खाली नदीचा आवाज, मध्ये आडवे येणारे ओढे, आणि ढग बाजूला झालेच तर वर राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. रमतगमत गेलात तरी तास-दीड तासात लेणी येतात.

लेणी बौद्ध आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्यगृहाचा दर्शनी भाग नीट बघा. कोरलाय दगडात, पण नक्कल केलीय लाकडी इमारतीची. तिथल्या ब्राह्मी शिलालेखात कारागिराचं नावही आहे: कण्हाचा शिष्य बलक. आणि पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरूनच धबधबा कोसळतो. रील त्याचीच व्हायरल होते.

आता रीलमध्ये जे दिसत नाही, ते सांगतो.

ही नदी आणि हे ओढे तुमच्या डोक्यावरच्या पावसाने भरत नाहीत. ते भरतात वर, राजमाची-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर. खाली ऊन पडलेलं असतं, तुम्ही पाण्यात पाय सोडून वडापाव खात असता, आणि वर तासभर धो धो कोसळलेलं असतं. ते पाणी उतारावरून तुमच्यापर्यंत यायला फार वेळ लागत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. आपल्या कोडमध्ये काहीच बदललेलं नसतं, बदल अपस्ट्रीमला झालेला असतो, आणि सिस्टिम मात्र आपली पडते.

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मध्येच उभे होते, पाणी वाढलं आणि काठ गाठता आला नाही. आणि ही उल्हास काय करू शकते, तेही आपण पाहिलंय. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. ती हीच नदी.

पाऊस नसतानाही हा नियम लागू होतो बरं का. आमची पाताळगंगा मे महिन्यातही वाहते. का? घाटमाथ्यावरच्या वळवण आणि लोणावळा तलावांचं पाणी मुळात पूर्वेला, इंद्रायणीच्या बाजूला जाणारं. ते पाइपांतून खोपोलीला टाटांच्या वीजकेंद्रात उतरवलं जातं. 1915 पासून हे चालू आहे. टर्बाइन फिरवून झाल्यावर ते पाणी पाताळगंगेत येतं. म्हणजे उन्हाळ्यात नदीला किती पाणी असणार, हे वीज किती बनते त्यावर ठरतं. कुंडलिकेवरचं कोलाडचं राफ्टिंगही असंच, भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की सुरू होतं. तिथे वेळ ठरलेली असते, गाइड असतो, लाइफ जॅकेट असतं. ओढ्यात यातलं काहीच नसतं.

मग करायचं काय? निघताना कर्जतचं हवामान बघताच, सोबत लोणावळा-खंडाळ्याचंही बघा. रायगडला रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर बेत पुढे ढकला. पावसाळ्यात कर्जत-खालापुरातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासन बऱ्याचदा बंदी घालतं, तीही तपासा. गावात विचारा, "दादा, वर पाऊस कसाय?" तेवढी खबर कुठलंच ॲप देत नाही. जंगलात रेंज जाते, म्हणून किती वाजता परत येणार ते घरी सांगून निघा.

आणि पाण्याकडे लक्ष ठेवा. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहत यायला लागल्या, आवाज वाढला, की फोटो राहू दे, आधी वर चढा. परतताना ओढा फुगलेला असेल तर ओलांडू नका. गुडघाभर वाहतं पाणीही पाय उचलतं. उंचावर थांबा. वरचा पाऊस थांबला की छोटे ओढे काही तासांत उतरतात. शेवटची लोकल गेली तर गेली, सकाळी पहिली असतेच की.

वाट सुंदर आहे, जरूर जा. गर्दी नको असेल तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास जा. तेव्हा जंगल हिरवं असतं आणि लेणीही निवांत बघता येतात. या शनिवारी ज्या मित्राचा बेत ठरलाय, त्याला हा भाग निघायच्या आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात!