कापसाच्या गावात ‘बारोमास’

राळेगावहून बोलतोय. मी समीक्षक नाही, वेळ मिळेल तसं वाचतो. आज दोन कादंबऱ्या.

पहिली सदानंद देशमुखांची ‘बारोमास’. हिला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. एकनाथ एम.ए., बी.एड. झालेला, पण नोकरीसाठी मोजायला पैसे नाहीत, म्हणून शेतीत अडकलेला. खरं सांगू? मधे कादंबरी लांबते, तेच ते दुःख परत येतं. पण कापूस घरात पडून असला अन् भाव वाढत नसला, की आपल्या घरी असंच तर बोलणं होते! एकनाथची बायको अलका माहेरी निघून जाते. मला तिचा राग नाही आला. ‘शेतकरी नवरा नको’ म्हणणाऱ्या पोरींवर जोक मारणाऱ्यांनी हे वाचाच.

दुसरी कृष्णात खोतांची ‘रिंगाण’, २०२३ची अकादमीवाली. धरणामुळे उठलेलं गाव अन् मागे राहिलेली म्हैस. कोल्हापूरकडची बोली आपल्याला सुरुवातीला जड जाते, मग पुस्तक सुटत नाही.

लिखाण ‘रिंगाण’चं जास्त घट्ट. पण दोस्ताला एकच द्यायची तर मी ‘बारोमास’ देईन. सध्या ती आमचे बाबा वाचताहेत.

तुम्ही काय वाचताय? कळवा.